दुखणे नको, मूल हवे!

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना आमच्या एका स्नेह्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवले. एका परदेशी जोडप्याने आपल्याकडील एक आजारी मूल दत्तक घेतले, असा त्यात मजकूर होता. चकली मोडीत स्नेही म्हणाले, "ही माणसे आपली पोरे नेतात तरी कशाला? काही मतलब असल्याशिवाय दुसऱ्याचे दुखणाईत पोर कोणी उचलते का?" बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ती डोलावलेली मान वर्षभर मला खुपते आहे, म्हणून हा लेख. सणाच्या अंकात कडू लिहू नये हे मला कळते. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावण्याची चाल महाराष्ट्रात आहे. तेव्हा वाचकांनी एवढे सोसावे.

आधी वस्तुस्थिती पाहू. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुले कायदेशीर दत्तक गेली. त्यांतील ४,१५५ देशातल्याच घरांत गेली, उरलेली ३६० परदेशी. हा आकडा वाचून आपली छाती फुगेल. पण जरा थांबावे. मूल हवे म्हणून नाव नोंदवून बसलेली भारतीय कुटुंबे तीस हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांना तीन-तीन, चार-चार वर्षे वाट पाहावी लागते. मग एवढी रांग असताना मुले बाहेर जातातच कशी? याचे उत्तर सरळ आहे आणि लाजिरवाणे आहे. कायदा प्रत्येक मूल आधी आपल्याच दारात आणून उभे करतो. निरोगी लहान मुलासाठी देशी पालकांना साठ दिवसांची मुदत आहे, आजारी किंवा अपंग मुलासाठी पंधरा दिवसांची. निरोगी मुलाला पहिल्या दिवशीच घर मिळते. आजारी मुलाचे पंधरा दिवस भरतात, आपल्यातला कोणी येत नाही, आणि मग ते विमानात बसते. परदेशी जाणाऱ्या मुलांत पुष्कळ अशीच असतात. ती कोणी पळवून नेत नाही. आपणच त्यांना ओलांडून पुढे जातो.

"पण परदेशी दत्तकाच्या नावाखाली व्यापार चालतो," असे कोणी म्हणेल. चालला आहे, मी नाकारीत नाही. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने कडक नियम घालून दिले ते उगाच नव्हे. त्यानंतरही २०१० साली पुण्यातल्या एका संस्थेची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेली. अशा दलालांना तुरुंगच योग्य. परंतु दलाल हुडकायला जाणारा मनुष्य निदान त्या मुलाच्या बाजूने तरी उभा असतो. आमचे स्नेही चकलीच्या बाजूने उभे होते.

आता एका मुंबईच्या मुलीची हकीकत ऐका. १९७८ साली ती जन्मली, तान्हेपणीच पोलिओने तिचे पाय गेले, आणि तिला अनाथाश्रमात ठेवण्यात आले. तीन वर्षांची असताना अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या एका कुटुंबाने तिला दत्तक घेतले. तिच्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, आणि पायांना पट्ट्या बांधून कुबड्यांवर ती उभी राहिली. मिंडा डेंटलर तिचे नाव. हवाई बेटावर आयर्नमॅन नावाची जागतिक स्पर्धा होते : समुद्रात ३.८ किलोमीटर पोहणे, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२ किलोमीटर धाव, सारे एकाच दिवसात. २०१३ साली केवळ हातांच्या बळावर तिने ती पुरी केली. चाकाच्या खुर्चीवरील स्त्रीने ही स्पर्धा पुरी करण्याची जगातली ती पहिलीच वेळ. अशी बातमी आली की आपण लगेच "मूळची आपली" म्हणून गर्वाने सांगतो. ती तीन वर्षे अनाथाश्रमात होती तेव्हा ती कोणाची होती?

मुंबई दूर राहिली. मी नंदुरबार जिल्ह्यातला शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, कादंबऱ्या लिहिण्याचा नाद, वैद्यकातले मला काय कळणार? पण आमच्याकडे एक दुखणे असे आहे की जे मास्तरालाही वैद्याइतकेच ओळखू येते. ते म्हणजे सिकलसेल. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग सांध्यांत, पाठीत अशी कळ उठते की दांडगा पोरगाही भिंतीला डोके टेकून बसतो. डोळे पिवळे दिसतात, चालताना धाप लागते. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर दर खेपेला चारांत एक शक्यता अशा मुलाची. पावसात भिजलेल्या अशा एका पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून मी रुग्णालयात नेले आहे, आणि चार दिवसांनी तोच पोर वर्गात मागच्या बाकावर दंगा करताना पाहिला आहे. फॉलिक अॅसिडची गोळी, डॉक्टर सांगतील तेव्हा हायड्रॉक्सियुरिया, पाणी भरपूर, थंडीपासून जपणूक, ताप आला की उशीर न करणे. लागले तर रक्त, आणि तेही सरकारी रक्तपेढीत या रुग्णांना विनामूल्य मिळते. २०१६ च्या कायद्याने हा आजार अपंगत्वांच्या एकवीस प्रकारांत धरला आहे. म्हणून सिकलसेल असलेले अनाथ मूल दत्तकाच्या यादीत 'विशेष गरजांचे' म्हणून वेगळे बसते.

एवढे ज्ञान पाजळून झाले. आता त्या ज्ञानाचे आम्ही काय केले ते सांगतो.

आम्हा नवराबायकोंना मूल नाही. २०१९ साली आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवले. घरी येऊन चौकशी झाली, कागद झाले, आणि वाट पाहणे सुरू झाले. तिसऱ्या वर्षी त्या कामातल्या एक बाई म्हणाल्या, "मास्तर, विशेष गरजांच्या मुलांसाठी थांबावे लागत नाही. यादी नुसती पाहून तरी घ्या." आम्ही पाहिली. त्यात दोन वर्षांची एक मुलगी होती. फोटोत ती कोणाच्या तरी चपला उलट्या पायांत घालून उभी होती. खाली वैद्यकीय अहवालात तो शब्द होता. सिकलसेल.

जिल्ह्यात त्या मुलीला समजून घेईल असे घर शोधायचे झाले असते तर पहिल्या दहांत आमचे आले असते. दवाखाना जवळ, पगार दरमहा, दुखणे ओळखीचे. आणि आम्ही 'नाही' म्हटले. आईने तिच्या अहिराणीत विचारले, "घरमा दुखनं इकत लेवानं का भाऊ?" भाऊंनी सांगितले, उद्या लग्नाला अडचण येईल. मी म्हणालो, आपल्याला झेपणार नाही. बायको काही बोलली नाही. ती फोटो पाहत राहिली. पुढे एकदा भीतभीत विचारले तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "तिला घर मिळाले. इथले नव्हे."

आणि असे असता मी फराळाच्या ताटावर बसून मान डोलावतो!

आम्ही दिलेली कारणे आता एकेक तपासून पाहतो तेव्हा त्यांत आजाराचे भय थोडे आणि लोकांचे भय फार, असे दिसते. लग्न म्हणे! दोन वर्षांच्या पोरीच्या लग्नाची चिंता तिला जेवू घालण्याआधी करणारा आपला समाज धन्य होय. खर्चाचे म्हणाल तर ज्यांच्या घरी खरोखर चणचण आहे त्यांना मी काही म्हणत नाही. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या मजुराने नकार दिला तर त्याचे पाय धरीन. माझे भांडण पक्के घर, पेन्शन आणि दारात गाडी असलेल्या आपल्यासारख्यांशी आहे. पोटी असे मूल जन्मले असते तर आपण ते परत केले असते का? त्याच्यासाठी दागिने मोडले असते, नवस केले असते, मुंबईचे मोठे डॉक्टर गाठले असते. म्हणजे अंगात बळ आहे. ते फक्त रक्ताच्या नात्यासाठी राखून ठेवले आहे.

आणि हे आपण महाराष्ट्रात करतो! १८७४ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी एका विधवेचे मूल आपले म्हणून वाढवले, त्या यशवंताला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या त्या दुसऱ्याचे आजारी पोर पाठीवर घेऊन त्याच्याच दवाखान्यात पोहोचवताना लागण होऊन. दर तीन जानेवारीला शाळेत मी हे सांगतो, मुले टाळ्या वाजवतात. फार मागे कशाला जा? अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग, अंध, मतिमंद शंभराहून अधिक मुलांना आपले आडनाव लावले. त्यांतली एक अंध मुलगी जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्याच्या डब्यात सापडली होती. २०२४ साली ती राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली आणि आपण सर्वांनी अभिनंदनाचे संदेश पाठवले. संदेश पाठवायला काही लागत नाही.

या गणपतीनंतर आम्ही पुन्हा त्या बाईंकडे गेलो. आमची वये मिळून एकोणनव्वद होतात, म्हणजे दोन वर्षांच्या आतले मूल आता आम्हाला मिळावयाचे नाही. दोन ते चार वर्षांचे मिळू शकेल, तेही आणखी एक वर्षच. ती मुलगी तर गेलीच. अर्जातल्या आजाराच्या रकान्यात बायकोने आपल्या हाताने 'चालेल' असे भरले. घरी येऊन आईला सांगितले. ती बराच वेळ निवडायला घेतलेल्या डाळीतच पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "त्या पोरले पानी जास्त पाजनं पडस म्हने. माठ मोठा लयजो."