स्वस्त गाडी, महाग सुटे भाग



‘छोट्या गाडीच्या भावात जुनी आलिशान फोर-व्हील ड्राइव्ह घ्या, गावात फिरायला उत्तम’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांनी २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या शहराने एकदम घेतलेल्या दीडशे मर्सिडीजचा दाखला दिला आहे. तो इथे लागू पडत नाही. त्या गाड्या कोऱ्या होत्या, सगळ्यांनी मिळून सौदा केला होता, सुमारे ६५ कोटींचा. जुन्या गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही.

माझी अशीच अकरा वर्षांची डिझेल गाडी एका सकाळी सिडकोत दारासमोर मागच्या डाव्या चाकावर बसलेली दिसली. एअर सस्पेन्शनची रबरी पिशवी चिरली होती. भाग मुंबईहून येईपर्यंत तीन आठवडे मी रिक्षाने फिरलो. शिवाय फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला चारही टायर सारखेच झिजलेले लागतात. एक फुटला की अनेकदा चारही बदलावे लागतात. आणि सिडको ते गुलमंडी अशा गावातल्या छोट्या फेऱ्याच मारल्या, तर सायलेन्सरच्या वाटेतला काजळीचा फिल्टर पुरेसा तापत नाही, तुंबतो.

पत्रलेखकांनी गाडी अजून घेतली नसेल, तर आधी सर्व्हिसची जुनी बिले मागावीत. परराज्यातली असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता करही हिशेबात धरावा.

– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर