वाडीपर्यंतची खडी

गावाकडच्या जुन्या ॲटलास किंवा हर्क्युलिस सायकलच्या टायरवर बोट फिरवले, की 28 × 1½ हा उठावाचा आकडा हाताला लागतो. दुधाच्या किटल्या, टपालाची थैली, गवताचा भारा, मागे बसलेले पोर असे सगळे या टायरने वाहिले. मिलिमीटरमध्ये त्याची रुंदी 40 भरते. सध्या शहरातल्या दुकानांत ज्या ग्रॅव्हल बाइकची चर्चा आहे, तिचा टायरही साधारण तेवढाच, 38 ते 45 मिलिमीटरचा असतो. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, गिअर चढासाठी हलके, ब्रेक डिस्कचे. पण जमिनीला टेकणारी रुंदी मात्र दूधवाल्याच्याच सायकलची.

हा प्रकार अमेरिकेत वाढला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर 200 मैलांची शर्यत होते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने 2022 मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. त्याच्याही कितीतरी आधी, 1955 मध्ये इंग्लंडमध्ये 'रफ स्टफ फेलोशिप' नावाचे मंडळ निघाले होते. साध्याच सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांनी हिंडणे एवढाच त्याचा उद्योग. एम्पोरियाची खडी शेतकऱ्यांच्या गाड्यांसाठी पडली आणि सायकलवाले तिच्यावर नंतर आले, हे ध्यानात ठेवून रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरकडे यावे.

महाडपर्यंत सावित्रीतून भरतीचे पाणी चढते. एके काळी गलबते इथल्या बंदराला लागत. त्याच महाडपासून सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटरवर महाबळेश्वर आहे, साडेतेराशे मीटर उंचीवर. एवढी उंची एवढ्या थोड्या अंतरात, त्यामुळे इथे सपाट रस्ता फक्त नद्यांच्या खोऱ्यांत सापडतो. सावित्री, काळ आणि गांधारीच्या काठाकाठाने मुख्य रस्ते जातात आणि त्यांना फुटलेले फाटे वाड्यांकडे आणि कोंडांकडे चढतात. ग्रॅव्हल बाइकचे खरे क्षेत्र म्हणजे हे फाटे.

आधी पायाखालचा दगड ओळखावा लागतो. मुरूम म्हणजे झिजलेला, कुजलेला काळा दगड. कोरडा असताना तो चाकाखाली दबतो आणि सायकल मऊ आवाज करत पुढे सरकते. ओला झाला की टायर आणि चिमट्याच्या मध्ये लिंपून चाकच अडवतो. सड्यावर जांभा लागला तर तो खरबरीत असल्याने पकड देतो. खरी परीक्षा फोडलेल्या काळ्या खडीची. खडीकरण झाले, निधी संपला, डांबर आलेच नाही, ही कोकणातल्या कितीतरी रस्त्यांची कहाणी आहे. दोन पावसाळ्यांत बारीक माती वाहून जाते आणि मुठीएवढे धारदार दगड उघडे पडतात. मोटारसायकली आणि मिनीडोर यांच्या चाकांखाली दोन पट्टे दबतात, मध्ये दगडांचा वरंबा राहतो. अनुभवी स्वार डांबर संपते तिथे उतरतो, टायरमधली हवा थोडी सोडतो, अंगठ्याने दाबून पाहतो आणि मग दोनातला एक पट्टा धरतो. समोरून कोणी आले की पट्टा सोडावा लागतो, आणि दगडाची कड टायरच्या बाजूला चिरते ती तेव्हाच.

स्वाराला या खडीची मजा वाटते. वाडीला ती नकोशी असते, आणि वाडीचेच बरोबर आहे. खडी अजून शिल्लक का, याचे एक उत्तर नियमांत सापडते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. तिच्यात सपाट प्रदेशासाठी 500 लोकवस्तीची अट होती. डोंगरी राज्ये, वाळवंट आणि अनुसूचित क्षेत्र यांना ती 250 वर आणली गेली. महाराष्ट्र डोंगरी राज्यांत मोडत नाही आणि रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणजे सह्याद्रीच्या सोंडेवर वसलेली, दीडदोनशे माणसांची वाडी कागदावर सपाट प्रदेशातली ठरली आणि अटीखाली राहिली. निम्मी घरे मुंबईला असली आणि शिमगा-गणपतीला भरत असली, तर मोजणीत ती आणखी लहान दिसते. राज्याच्या योजनांनी पुढे काही रस्ते केले. तरी आजारी माणसाला डोलीत घालून डांबरापर्यंत आणावे लागते, अशा वाड्या या डोंगरांत आहेत.

म्हणून या स्तंभाची पहिली भूमिका स्पष्ट आहे. सायकलवाल्यांच्या हौसेसाठी एकाही वाडीचा रस्ता कच्चा राहू नये. फाट्यावर डांबर पडले, तर ग्रॅव्हलच्या नकाशावरून तो फाटा आनंदाने पुसावा आणि पुढचा शोधावा. नकाशा दर हंगामात नवा काढावा लागेल, तो लागू दे.

कुठे जावे? पाचाडचा रस्ता रायगडाच्या पर्यटकांनी गजबजलेला असतो. शनिवार-रविवारी सायकलने तिकडे फिरकू नये. बिरवाडी, वरंध, माझेरी करत शिवथरघळीचे खोरे गाठता येते. समर्थ रामदासांच्या वास्तव्याची ही जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती 1930 मध्ये शोधून काढली. या खोऱ्यात आजही नकाशापेक्षा गावात विचारणे अधिक खात्रीचे आहे.

सर्वांत चांगले खोरे मात्र पोलादपूरच्या पूर्वेचे. कापडे, उमरठ, ढवळे असा रस्ता सावित्रीच्या उगमाकडे आत शिरतो. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. ढवळ्यापर्यंत पोचता पोचता डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. पुढे जावळीच्या मोऱ्यांचा चंद्रगड आणि त्याच्या मागे महाबळेश्वरच्या आर्थर सीटचा कडा. ऐन, किंजळ, जांभूळ यांची दाटी, वर कारवीचे रान. मुख्य रस्त्याचे फाटे वाड्यांकडे वळतात, मध्ये पऱ्हे आणि साकव. एका दिवसात घाई न करता दोनतीन फाटे होतात. त्याहून जास्त करू नयेत.

ढवळ्यालाच सायकल ठेवावी, हा या स्तंभाचा आग्रह आहे. पुढची आर्थर सीटची वाट पायी माणसाची आहे. मढे घाटाचेही तेच. सिंहगडावर 1670 मध्ये पडलेल्या तानाजींचा देह याच घाटाने कोकणात उतरवला, अशी लोकपरंपरा आहे, आणि घाटाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. या घाटवाटांनी माणसे आणि मालाचे बैल पिढ्यान्‌पिढ्या चढले-उतरले. महाडच्या बंदरावर उतरलेला माल पार घाटाने देशावर जाई. 1876 मध्ये आजचा आंबेनळी घाट गाड्यांसाठी झाला आणि जुनी वाट ओस पडत गेली. अशी वाट सायकलसाठी रुंद करायची म्हणजे दगडी पायऱ्या आणि बांध मोडून जेसीबी घालायचा. उताराला खाच पडली आणि पाण्याला नीट गटार मिळाले नाही, की पावसाचे पाणी त्या खाचेतच साठते, मुरते आणि दरड सुटते.

इथे हा धोका कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला तळिये गाव दरडीखाली गेले, ऐंशीहून अधिक माणसे त्यात गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच पावसात दरड आली. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद करण्याची वेळ त्यानंतर पुन्हा पुन्हा आली. धबधब्यांचे फोटो पाहून पावसाळी ग्रॅव्हल सहली काढणाऱ्या मंडळांनी जून ते ऑक्टोबर या डोंगरांत सायकल घेऊन येऊच नये. त्या महिन्यांत इथली यंत्रणा आणि इथली माणसे स्वतःच्या जिवाच्या काळजीत असतात. पाहुण्याला शोधायला त्यांनी बाहेर पडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

हंगाम भात कापून झाल्यावर उघडतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मुरूम वाळून घट्ट होतो, पऱ्ह्यांना अजून पाणी असते. फेब्रुवारी संपता संपता धूळ वाढते, वणवे लागू लागतात आणि विहिरी खाली जातात. तेव्हा वाडीवर पाणी मागणाऱ्या वीस सायकलवाल्यांचा जथा हा भारच असतो. राखीव जंगलातल्या रस्त्यावर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, तिथे रात्री सायकल चालवू नये.

या साडेतीन महिन्यांसाठी लागते ते थोडेच. वाडीत नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि ताक ठरलेल्या दराने मिळावे. दर महिला बचत गटाने ठरवावा, पुण्या-मुंबईच्या आयोजकाने नव्हे. एका दिवशी एका फाट्यावर किती सायकली, हे ग्रामसभेने सांगावे. आणि पोलादपूरच्या एसटी स्थानकावर एक फलक लागावा. कोणते फाटे या वर्षी खुले, कुठला साकव वाहून गेला, जेवण कोणत्या वाडीत, एवढा मजकूर त्यावर पुरे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी गावांना विचारून तो नव्याने रंगवता येईल. त्यावर नेमके काय लिहायचे, हे ढवळ्याच्या आणि माझेरीच्या माणसांना आत्ताच ठाऊक आहे.