सायनोटाइपचा वेग आणि शाळेची प्रयोगशाळा

मोबाइलच्या एका स्पर्शात छायाचित्र मिळत असताना लोहक्षारांचा लेप दिलेला कागद कॅमेऱ्यात घालून तासन्‌तास उन्हात बसण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न आमच्या शिक्षक-कक्षात अनेकदा विचारला गेला. विज्ञानाच्या सहकाऱ्यांबरोबर या उद्योगात पडलेला मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा उत्तराचे दायित्व माझ्याकडेही येते.

सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइपची प्रक्रिया शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचा लेप दिलेल्या कागदावर अतिनील किरण पडले की फेरिक लोहाचे फेरस लोह होते आणि त्यातून प्रशियन निळा रंग तयार होतो. उरलेले क्षार साध्या पाण्याने धुऊन जातात. अॅना अॅटकिन्स यांनी शैवालांचे ठसे याच रीतीने घेतले, अभियंत्यांची ‘ब्लूप्रिंट’ही यातूनच आली. परंतु हे सारे कागदाला वस्तू वा आराखडा भिडवून घेतलेले ठसे. कॅमेऱ्यात बाजी मारली ती चांदीने. चांदीच्या क्षारांवर उमटलेली अदृश्य प्रतिमा रसायनाने वाढवता येते, हे टॅल्बट यांच्या १८४० मध्ये ध्यानी आले. लोहाच्या कागदाला ती सोय नाही. जेवढा प्रकाश, तेवढाच रंग.

वेग वाढवण्याचा एक मार्ग रसायनाचा. माइक वेअर यांनी सायट्रेटऐवजी अमोनियम फेरिक ऑक्झॅलेट वापरून अधिक शीघ्र कागद सिद्ध केला. तथापि ऑक्झॅलेट विषारी आहे. निवासी शाळेतील मुलांच्या हाती ते देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग भिंगाचा, आणि शाळेला तोच शोभतो. अर्धा मिलिमीटर छिद्राच्या सूचिछिद्र कॅमेऱ्यात कागद दहा सेंटिमीटरवर असेल, तर अंतर छिद्राच्या व्यासाच्या २०० पट होते. दहा सेंटिमीटर व्यासाचे, वीस सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले की हे प्रमाण २ वर येते. २०० भागिले २ म्हणजे १००, आणि त्याचा वर्ग १०,०००. प्रकाश तितके पट अधिक! हे गणित फळ्यावर मांडले तेव्हा नववीचा वर्ग जसा शांत झाला, तसा माझ्या तासाला क्वचितच होतो.

तरीही आमची पहिली चित्रे धूसर आली. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी प्रतिमा दृश्य प्रकाशाची. अतिनील किरण अधिक वळतात आणि भिंगाच्या अलीकडेच एकत्र येतात. कागद किंचित पुढे सरकवल्यावर कडा उमटल्या. धुण्याच्या पहिल्या पाण्यात लिंबाचा रस घातल्यावर फिकट छटाही टिकल्या. (तीव्र आम्ल मात्र फेरिसायनाइडजवळ आणू नये, त्यातून विषारी वायू निघू शकतो.) चार तासांचे काम अडीच तासांवर आले. याहून फार खाली आम्ही जाऊ, असे मला वाटत नाही.

मग वेगाचा हा हव्यास का? दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यु टांपल या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा, पण प्रकाशन काही मिनिटांचे असल्याने चालती माणसे, गाड्या साऱ्या नाहीशा झाल्या. उरला बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी अस्पष्टसा बूट पुसणारा. तो श्रमिक इतिहासात नोंदला गेला, कारण त्याचे गिऱ्हाईक स्थिर उभे होते. मंद प्रक्रिया इमारती टिपते आणि राबणारी माणसे गाळते. जुन्या चित्रातील ओस रस्ता खरोखर ओस होता काय, हा प्रश्न मुलांना पाठ्यपुस्तकाने नव्हे, या अडीच तासांनी शिकवला.

आमचे सर्वांत चांगले चित्र शाळेच्या अंगणाचे आहे. उन्हातली चुन्याची भिंत गडद निळी उमटली आहे आणि तिला टेकवलेला खराटा पांढरा. अंगण झाडणाऱ्या मावशी त्या वेळात कितीदा तरी तिथून गेल्या. चित्र पाहून त्यांनी विचारले, “गुरुजी, यात मी कुठं हाय?” मुलांनी आता भिंग बदलून पाहायचे ठरवले आहे.