‘मीथिंक्स’ आणि कर्त्याचा भ्रम

इंग्रजी कर्तृप्रधान, म्हणून तिच्यातील मनुष्य ‘मी विचार करतो’ असे म्हणतो. मराठी अनुभवप्रधान, म्हणून तिच्यातील मनुष्य ‘मला वाटते’ म्हणून थांबतो, असे एक समीकरण तौलनिक चर्चेत अधूनमधून मांडले जाते. त्यावरून पाश्चात्त्य व भारतीय ‘स्व’विषयी सिद्धान्तही उभारले जातात. ‘मीथिंक्स’ हे एकच आर्ष क्रियारूप या इमल्याचा पाया खिळखिळा करण्यास पुरेसे आहे.

हे रूप म्हणजे ‘आय थिंक’चा काव्यात्म अपभ्रंश, ही समजूत निराधार आहे. प्राचीन इंग्रजीत दोन भिन्न क्रियापदे होती: ‘थेन्कन्’ म्हणजे विचार करणे आणि ‘थ्युन्कन्’ म्हणजे भासणे, वाटणे. त्यांची भूतकाळी रूपेही वेगळी होती: ‘थोह्ते’ आणि ‘थूह्ते’. ‘मीथिंक्स’ हे दुसऱ्या क्रियापदाचे अपत्य असून त्यातील ‘मी’ चतुर्थ्यन्त आहे. त्याचा नेमका अर्थ ‘मला वाटते’ हाच होय. मध्ययुगीन इंग्रजीत दोन्ही क्रियापदांची रूपे परस्परांत मिसळली आणि जुना अर्थ ‘मीथिंक्स’, ‘मीथॉट’ या गोठलेल्या रूपांपुरता उरला. ‘लाइक’चा इतिहासही असाच आहे. ज्याला आवडे तो पूर्वी चतुर्थीत असे; पाणिनीने ‘रुच्’ धातूच्या संदर्भात अशा व्यक्तीला संप्रदान म्हटले आहे.

चतुर्थी लोपली हाच पाश्चात्त्य कर्तृत्वभावाचा पुरावा, असा प्रतिवाद संभवतो. तोही टिकत नाही. विभक्तिप्रत्यय झिजले, क्रियापदापूर्वीचे स्थान कर्त्याचे ठरले आणि तेथील नाम कर्ता मानले जाऊ लागले, ही येस्पर्सनची उपपत्ती अधिक समाधानकारक आहे. हे स्थित्यंतर देकार्तच्या 1637 मधील ग्रंथापूर्वीच बरेच पुढे गेले होते. शिवाय कान्टच्या जर्मनमध्ये ‘मिर गेफेल्ट’, म्हणजे ‘मला आवडते’, ही रचना आजही नित्याची आहे. जर्मन तत्त्वज्ञानाला तेवढ्याने अनुभवप्रधान ठरविण्याचे धाडस कोण करील?

या भेदाची उपेक्षा समीक्षेला महागात पडते. हॅम्लेट ढगाच्या आकाराविषयी पोलोनियसशी बोलताना हेच क्रियारूप योजतो. तेथे ‘मी विचार करतो’ असा अर्थ घेतल्यास प्रसंगाचा प्राणच जातो. आकार भासतो, बदलतो आणि दरबारी होकार त्याच्यामागे धावतो, यातच त्याचा उपरोध आहे. मराठी अनुवादकाला ‘मला भासते’ आयते उपलब्ध आहे. मनोवृत्तींचे सिद्धान्त रचण्यापूर्वी क्रियापदाची कुळकथा तपासावी, एवढी किमान शिस्त अभ्यासकाकडून अपेक्षित आहे.