वारीला निघण्याआधी पाय दाखवा



आपल्या दिंडीतल्या, पुढच्या-मागच्या दिंड्यांतल्या आणि वाटेवर आपली सेवा करणाऱ्या सगळ्यांना हे आवाहन आहे. विषय साखरेचा असला तरी गोड खाऊ नका हे सांगायला मी आलेलो नाही. ते काम घरोघरी सुना-लेकी करतातच. मला बोलायचंय ते पायांबद्दल.

गेल्या वर्षी वाखरीच्या तळावर रात्री मी सहज विचारलं होतं, अंथरुणाला पाठ टेकली की कुणाच्या तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, पांघरूण लागलेलंही सोसत नाही? तंबूत एकेक करत बरेच हात वर आले. डॉक्टरला सांगितलंय का, असं विचारल्यावर ते लगबगीनं खाली गेले. "उष्णता आहे," असं सगळ्यांचं म्हणणं. दोन वर्षं मीही हेच म्हणत होतो. आमची मंडळी रात्री काशाच्या वाटीनं तूप घासायची, मी सब्जा प्यायचो. वाटीनं बरं वाटतं, तिच्याशी माझं भांडण नाही. पण त्या दोन वर्षांत मी रक्त तपासलं नाही. तपासलं तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर ९.८ निघाली. टाइप टू मधुमेहाचं असंच असतं. तो कळतो उशिरा आणि कधीकधी तोवर नसांचं नुकसान सुरूही झालेलं असतं.

मी एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होतो, म्हणून मला ते असं समजलं. वायरचं वरचं आवरण घासलं की कुणी बटण न दाबता हॉर्न वाजायला लागतो. पायांची आग म्हणजे तो हॉर्न. पायाला काही झालेलं नसतं, वायर खोटा निरोप देत असते. पुढे वायर तुटते. मग बटण कितीही दाबा, हॉर्न वाजत नाही. सुरुवात बोटांपासूनच का होते? पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब. रस्ता खचला की पहिली बंद होते ती शेवटच्या गावाची गाडी.

म्हणून जे सांगतात, "आग होती, आता आपोआप थांबली, माऊलीची कृपा," त्यांची मला जास्त काळजी वाटते. साखर ताब्यात येऊन, औषध घेऊन थांबली असेल तर आनंद आहे. काही न करता थांबली असेल तर वायर तुटली का ते बघायला हवं.

माझी तुटली होती. एका वारीत दिवे घाट चढताना उजव्या पायातली चप्पल कधी निसटली ते मला कळलं नाही. मागच्या माऊलींनी ती उचलून आणून दिली, आम्ही हसलो. सासवडला मुक्कामावर पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा दिसलं की अंगठ्याखाली खडा रुतून चांगली खोक पडलीय. दुखलं नाही, म्हणून मी पट्टी बांधून जेजुरीपर्यंत चाललो. ती जखम भरायला साडेचार महिने गेले. बोट वाचलं.

तेव्हा पहिली विनंती. निघण्याच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि मोजे काढून पाय दाखवा. ते नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवतात, १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. तो टेकलेला कळतो का, एवढंच सांगायचं. सोबत बी-१२ तपासा म्हणून आपणच आठवण करून द्या. आपण माळकरी, शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्या कमतरतेनंही अगदी अशाच मुंग्या येतात. खरं दुखणं ते निघालं तर त्यावर सोपा उपाय आहे. आणि कातडीवर कुठे फिकट, बधिर चट्टा असेल तर लपवू नका. कुष्ठरोगातही नसा जातात आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आता आगीवरच्या गोळ्या. अंगदुखीची नेहमीची गोळी या दुखण्यावर फारशी चालत नाही. ती रोज घेऊन मूत्रपिंड मात्र बिघडू शकतं, आणि साखरवाल्यांची मूत्रपिंडं आधीच नाजूक. नसांसाठी वेगळी औषधं आहेत. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलीन ही नावं तुमच्या चिठ्ठीवर दिसतील. शेवटच्या दोन गोळ्या मन उदास असणाऱ्यांनाही देतात. आमच्यातल्या एका माऊलींच्या मुलानं मोबाईलवर ते वाचलं आणि "आमचे बाबा वेडे नाहीत" म्हणून गोळी बंद केली. असं करू नका. या गोळ्यांना आठवडे द्यावे लागतात आणि आग सहसा पूर्ण जात नाही. ती निम्म्यावर आली तरी डॉक्टर औषध लागू पडलं असं मानतात. निम्म्या आगीत झोप लागते, हे मी अनुभवानं सांगतो. सुरुवातीला गुंगी आणि चक्कर येते, म्हणून पहिली गोळी घरच्या अंथरुणावर घ्या, लोणंदच्या तळावर नको. कुणाकुणाला साखरेचं औषध सुरू होऊन साखर झपाट्यानं उतरली की काही काळ आग उलट वाढते. औषध सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसरी विनंती अनवाणी चालणाऱ्यांना, आणि ती करताना मला संकोच वाटतो. माळेचे नियम आहेत, एकादशीचे आहेत. अनवाणी चाललंच पाहिजे असा नियम मात्र मला आजवर कुठल्या फडावर कुणी सांगितला नाही. तो आपापला नवस. ज्यांचे तळवे बधिर आहेत त्यांनी तो विठ्ठलाकडून सोडवून घ्यावा. रस्ता रुंद झालाय, सावली गेलीय, दुपारी पायाखालचा रस्ता तापतो आणि बधिर पायाला फोड आल्यावरच ते कळतं. मागे पट्टा असलेली, आतून मऊ एमसीआर रबराची चप्पल किंवा सैल बूट घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या आणि घरी पंधरा दिवस वापरून मग वारीत आणा. घालण्याआधी रोज आत हात फिरवा, खडा असतोच. पादुकांच्या दर्शनाला चप्पल काढा. पंढरपूरच्या रांगेत मात्र जाड सुती मोजे राहू द्या.

तिसरी विनंती, वाटेवर पाय चेपणाऱ्या सेवेकऱ्यांना. तुमच्या हातांचं ऋण फिटणारं नाही. फक्त तेल लावण्याआधी दोन गोष्टी करा. "साखर आहे का" विचारा आणि तळवा उजेडात बघा. गरम पाण्याच्या घमेल्यात साखरवाल्यांचे पाय घालू नका, त्यांना चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्यात तेल नको. पावसात तिथे चिखल्या होतात, ती जागा कोरडी ठेवायची. कुरूप ब्लेडनं कापून देणारे वाटेत भेटतात, त्यांना हात जोडून पुढे पाठवा.

एकादशीचा उपवास धरणाऱ्यांनी गोळी-इन्सुलिनचं गणित आधी विचारून घ्यावं. उपाशीपोटी साखर उतरते आणि साबुदाण्यानं चढते, दोन्ही एकाच दिवशी.

आता दिंडीचं काम. एकट्यानं स्वतःचा तळवा बघणं आपल्या वयात जमत नाही, गुडघे वाकत नाहीत. म्हणून यंदा जोड्या लावायच्या आहेत. रोज हरिपाठ झाला की जोडीदारानं जोडीदाराचे पाय विजेरी लावून बघायचे. आणि निघण्याआधी एक चाचणी, इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी काढलेली, हिला पैसा लागत नाही. चालणाऱ्यानं डोळे मिटायचे. जोडीदारानं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद अलगद टेकवायची. दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत. दोन किंवा जास्त वेळा कळलं नाही तर नाव विणेकऱ्यांकडे द्या. अशांना वारी बंद नाही. त्यांनी थोडं चालायचं, थोडं ट्रकमध्ये बसायचं.

जखम काळी पडली, वास आला, ताप भरला, किंवा एक पाऊल सुजून लाल-गरम झालं, तर दुखत नसलं तरी चालणं तिथेच थांबवायचं आणि त्याच दिवशी वैद्यकीय पथकाकडे जायचं. रात्र असेल तर १०८ ला फोन.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला संध्याकाळी आळंदीत आपल्या ट्रकपाशी जमायचं आहे. विजेरी, स्वच्छ फडकं, औषधाची चिठ्ठी आणि वारीत घालायची चप्पल बरोबर आणा. बायकांच्या जोड्या बायका लावतील. पहिले पाय माझे बघा, उजव्या अंगठ्याखालचा वण कसा दिसतो ते कळेल.

आपला,
दिंडीतला एक वारकरी