मिश्रीचा प्रयोग पुढे न्या

प्रति,
संचालक,
ॲक्ट्रेक, टाटा स्मारक केंद्र, खारघर, नवी मुंबई

हे पत्र नीरेकाठच्या सांगवीतून, बारामती तालुक्यातून लिहितो आहे. आमच्याकडे सकाळच्या चहाआधी कितीतरी बायकांचं बोट मिश्रीच्या डबीत जातं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि दातांना लावून तशीच झाडलोट, शेणघाण उरकायची. थुंकायला उठणार कोण? बरीचशी लाळ पोटात जाते. पुढे कधी जेवण जाईनासं झालं, वजन उतरलं, तरी घरात म्हणतात, ‘पित्त झालंय.’ सोडा आणि गोळ्यांवर महिने निघतात. दुर्बिणीतून तपासणीत जठराचा कर्करोग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मिश्रीचा आणि पोटाचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याच संस्थेने पूर्वी विचारला होता. तेव्हा ती परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट होती. 1980च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी खाद्यात मिश्री मिसळून उंदरांना दिली. त्यांच्या जठराच्या पुढच्या भागात गाठी आल्या. अडचण अशी, की तसा भाग माणसाच्या जठरात नाहीच. माणसात हा कर्करोग जठररस तयार करणाऱ्या ग्रंथींच्या अस्तरात सुरू होतो. मिश्री घातक आहे हे त्या प्रयोगाने दाखवलं. पण आमच्या बायकांच्या जठरात नेमकं काय होतं, याचं उत्तर तो देऊ शकला नाही.

आज ते शोधण्याची साधनं आहेत. गॅस्ट्रिन हे संप्रेरक कायम जास्त तयार होईल अशी जनुकं घातलेले ‘इन्स-गॅस’ उंदीर अमेरिकेत तयार झाले. त्यांना माणसासारखा, ग्रंथींच्या अस्तरातच कर्करोग होतो, पण त्याला साधारण 20 महिने लागतात. हेलिकोबॅक्टर फेलिस या जिवाणूचा संसर्ग केला, तर तोच रोग 8 महिन्यांत दिसतो. त्याचा माणसातला भाऊबंद म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. याच उंदरांवर 2008 साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: प्रतिजैविकं देऊन पायलोरीचा नायनाट जितका लवकर, तितका कर्करोगापासून बचाव जास्त. माझ्या मते गावोगावी सांगण्यासारखं याहून मोलाचं काही नाही.

मात्र पायलोरी निम्म्याहून अधिक भारतीयांच्या पोटात असतो आणि कर्करोग फार थोड्यांना होतो. मिझोराममध्ये जठराच्या कर्करोगाचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे, आणि तिथे तंबाखूचा धूर जिरवलेलं ‘तुइबूर’ हे पाणी तोंडात धरायची सवय आहे. तिथल्या अभ्यासांत या सवयीचा रोगाशी संबंध आढळला. मग पायलोरीच्या जोडीला मिश्री आली तर काय होतं? जनुकं बदललेल्या उंदरांवर हे तपासता येईल. उंदराच्या मर्यादा मी विसरत नाही. त्याच्या गाठी बहुधा यकृतापर्यंत पसरत नाहीत आणि माणूस दगावतो तो त्या पसरण्यानेच. पण सुरुवात कशी होते ते उंदरात दिसतं, आणि आम्हाला हवं आहे ते तेवढंच.

या जिवांबद्दलही लिहिलं पाहिजे. उसात उंदरांना झिंक फॉस्फाइडचं आमिष घालणारे आम्ही शेतकरी. प्रयोगशाळेला दयेचे पाठ देणार नाही. तरी माणसासाठी मुद्दाम रोगी जन्माला घातलेल्या प्राण्याचा हिशेब माणसाने द्यायला हवा. सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासदाच्या घरी येतो आणि सर्वसाधारण सभेत त्यावर प्रश्न विचारता येतात. आपली संस्थाही जनतेच्या पैशावर चालते. वर्षात किती प्राणी वापरले, कशासाठी, त्यातून काय कळलं आणि काय फसलं, हे दोन पानांत, मराठीत छापा. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी आपल्याच संस्थेत उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचं मोठं काम केलं. त्यांचं नाव आमच्या शाळांतल्या मुलींना ठाऊक नाही. त्या अहवालातून तेही पोहोचेल.

मिश्रीचा प्रयोग पुन्हा हाती घ्या. निष्कर्ष सांगायला आपल्या शास्त्रज्ञांपैकी कुणाला तरी सांगवीला पाठवा. डबी घेऊन बसणाऱ्या बायकांना पुढच्या रांगेत बसवण्याची जबाबदारी आमची.

आपला,
सांगवीचा एक शेतकरी