घरची शाळा, बाहेरचा दाखला

‘पोर घरीच असते’ या वाक्याचा अर्थ आमच्या सोलापुरात पुष्कळ वर्षे एकच होता. पोर घरी असते म्हणजे ते मागाजवळ कांड्या भरते, नाही तर आईशेजारी बसून विडीची पाने कापते. आज शिकल्यासवरल्या घरांतूनही हे वाक्य कानी येते, आणि तेही अभिमानाने. मूल घरी असते, कारण आई-वडील त्याला स्वतः शिकवतात!

माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा असाच बेत घेऊन आली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गात उत्तर द्यायला उभा राहिला की हशा पिकतो. आता तर रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागते. शाळेत दोनदा सांगून झाले, उपयोग शून्य.

“सर, मी बी.एड. आहे. घरीच शिकवीन म्हणते. पण सासूबाई म्हणतात, अशाने दारात पोलीस येतील.”

“पोलिसांचे सोड,” मी म्हटले, “आधी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घे.”

वाचकहो, हा प्रश्न आता तिच्या एकटीचा राहिलेला नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. सक्तीच्या शिक्षणाची मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मांडली होती. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात ती अमलात आणली आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंड पालकाला, मुलाला नव्हे, हे ध्यानात घ्या. सक्ती मोठ्यांवर, मुलाचा तो हक्क.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तोही याच वाटेने. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य, असे त्याचे दहावे कलम सांगते. हे कर्तव्य चुकवणाऱ्या पालकाला मात्र त्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाला बंदी, असे शब्द त्यात नाहीत. परवानगी, असेही नाहीत. तेव्हा ‘आमच्या घरच्या शाळेला सरकारी मान्यता आहे’ असे कोणी सांगू लागला, तर मान डोलावू नये.

याच कायद्याचे चौथे कलम प्रत्येक आईने वाचावे असे आहे. सहा वर्षांवरील जे मूल शाळेत नसेल, त्याला पुढे त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवणीही मिळते. म्हणजे परतीचे दार उघडे आहे.

बाकीची तयारी कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला जपून ठेवावा. रोजच्या वह्यांवर तारखा घालाव्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आहेत; चौदा वर्षे पूर्ण झाली की तेथून दहावीला बसता येते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी रीतीने बसता येते. त्याच्या अटी मंडळाच्या सूचनेत आधीच पाहून ठेवाव्यात.

कागद कशाला, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या मालविका जोशीला तिच्या आईने सातवीनंतर घरी शिकवले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीने तिला मानाने बोलावले. बारावीचे प्रमाणपत्र नव्हते म्हणून आपल्या आयआयटीचे दार मात्र तिला बंदच राहिले. एवढी बुद्धी आपल्या घरी असेलच असे नाही. दाखला मात्र असावा!

“आणि हे बघ,” मी तिला शेवटी म्हटले, “गणित-भाषा तू शिकवशील. पण हसणारी पोरे टाळलीस तरी खेळणारी पोरे टाळू नकोस. रोज संध्याकाळी त्याला मैदानावर धाड. आणि त्याच्या अडखळण्याला वाचोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे ने; ते काम शाळेचेही नाही आणि तुझेही नाही.”

तिने एक वर्षाची मुदत ठरवली आहे. वर्षाने मुलगाच सांगेल, घर की शाळा.

अधूनमधून शाळाबाह्य मुलांची पाहणी निघते. यादी घेतलेले मास्तर दारोदार फिरतात. विडीवाल्या बाईच्या दारात आणि बी.एड. झालेल्या आईच्या दारात त्यांचा प्रश्न एकच असतो, “मूल शाळेत का नाही?” हा प्रश्न कोणी अपमान मानू नये. तो विचारला जावा म्हणून आपल्याकडच्या थोरांनी आयुष्ये वेचली. आपण दार उघडावे, मास्तरांना पाणी द्यावे आणि वह्या समोर ठेवाव्यात. वह्या कोऱ्या असतील, तर मात्र सकाळी मुलाला शाळेत पोहोचवून यावे.